परसातली कोंबडी आणि राज्याची सीमा

बदलीचा आदेश हाती पडला की सरकारी नोकराच्या घरात काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. मुलांची शाळा, भाड्याचे घर, गॅसची जोडणी, सामानाचा ट्रक. आमची मुले आता आपापल्या मार्गाला लागली असल्याने पहिला प्रश्न यावेळी नव्हता. नागपूरचा आदेश आल्याचे सांगताच सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, मग कोंबड्यांचे काय?"

भिलाईच्या जुनवानी भागात आम्ही राहतो, त्या घराला मागे थोडे परस आहे. तेथे तीन कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांना खाण्यासाठी पाळलेले नाही. अंडी मिळतात, पण तेही मुख्य कारण नव्हे. मुले दूर गेल्यावर घरात जी शांतता येते, ती या चार जीवांनी बरीच भरून काढली आहे. तेव्हा त्यांना नागपूरला न्यायचे ठरले. अंतर जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. परंतु मध्ये राज्याची सीमा आहे, आणि पस्तीसएक वर्षे सरकारी कागद हाताळलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, कोंबडीला या राज्यातून त्या राज्यात नेण्यास कोणता कागद लागतो?

या साध्या प्रश्नाने मला बरेच वाचायला लावले. त्यातून प्रशासनाच्या इतिहासातील जे एक सूत्र हाती लागले, ते आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहून राज्याराज्यांच्या सीमा सतत ओलांडणाऱ्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

प्रथम सीमेविषयी. राजनांदगाव मागे टाकून नागपूरच्या रस्त्याला लागले की बाघनदी येते. नदी ओलांडली की गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका सुरू होतो. ही सीमा नैसर्गिक वाटते, पण ती वयाने फार मोठी नाही. अठराव्या शतकात छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला आणि बिंबाजी भोसले रतनपूरला राहून तेथील कारभार पाहत. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याची राजधानी नागपूर झाली. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये झाला, तोही नागपूरच्याच अखत्यारीत. म्हणजे १९५५ साली, भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला त्या वर्षी, दुर्गहून नागपूरला कोंबडी नेणारा माणूस आपल्याच राज्याच्या राजधानीला चालला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. दुर्गची राजधानी भोपाळ झाली आणि विदर्भाची मुंबई. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ. दुर्गमध्ये एकाच घरात राहिलेल्या वृद्ध माणसाने जागा न सोडता तीन राजधान्या पाहिल्या आहेत. कोंबडी मात्र तीच, नाव तेवढे वेगळे: बाघनदीच्या अलीकडे कुकरी, पलीकडे कोंबडी.

आता कायद्याविषयी. राज्यघटनेचा अनुच्छेद ३०१ देशभर व्यापार, वाणिज्य आणि ये-जा यांना स्वातंत्र्य देतो. पशुधनाचे संरक्षण आणि पशुरोगांचा प्रतिबंध हा विषय राज्यसूचीत, पंधराव्या क्रमांकावर आहे. परंतु माणसांचे, प्राण्यांचे अथवा वनस्पतींचे संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत, एकोणतिसाव्या क्रमांकावर आहे. घटनाकारांची योजना स्पष्ट दिसते: कोंबडी घरी असेल तोवर ती राज्याची, रोग घेऊन सीमा ओलांडू लागली की केंद्रालाही बोलण्याचा अधिकार आहे.

प्रत्यक्ष प्रवासाचे नियम आहेत ते प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये. त्यात कोंबड्यांविषयीचे प्रकरण २००१ साली जोडले गेले. ते मी लक्षपूर्वक वाचले. पक्षी निरोगी असल्याचे आणि प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र हवे. हे योग्यच आहे. ११५ सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच पेटीत बारा प्रौढ पक्षी न्यावेत. पक्ष्यांना ऊन, पाऊस आणि थेट वारा लागू नये. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाण्याची व्यवस्था असावी. नर आणि मादी एकाच पेटीत ठेवू नयेत. तापमान २५ अंशांच्या वर अथवा १५ अंशांच्या खाली असेल तर वाहतूक करू नये. भिलाईच्या हवामानाची ज्यांना माहिती आहे, त्यांना या शेवटच्या अटीचा अर्थ सांगायला नको. वर्षातील बहुतेक दुपारी येथे पारा २५ च्या वर असतो, आणि ऐन थंडीतल्या रात्री तो १५ च्या खाली उतरतो. नियम तंतोतंत पाळायचा तर हिवाळ्यातील काही तास तेवढे आमच्या वाट्याला येतात.

हे थट्टेने लिहीत नाही. नियमांमागील हेतू दयेचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण नियम लिहिताना डोळ्यांसमोर कोण होते, हे त्यातून उघड होते. डोळ्यांसमोर ट्रकभर पिंजरे नेणारा व्यापारी होता. ते स्वाभाविकही आहे, कारण आधुनिक कुक्कुटपालन हा मुळात वाहतुकीवर उभा असलेला धंदा आहे. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पोटातील बलकाच्या शिल्लक साठ्यावर दोनतीन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकते. या एका निसर्गदत्त सवलतीमुळे अमेरिकेत १८९२ मध्ये न्यू जर्सीहून शिकागोला पिल्ले रेल्वेने धाडली गेली आणि १९१८ पासून तेथील टपालखाते पिल्लांची पार्सले स्वीकारू लागले. आपल्याकडेही एक दिवसाची पिल्ले रोज राज्याराज्यांच्या सीमा ओलांडतात. कायद्याला ही कोंबडी माहीत आहे. परसातली, नाव ठेवलेली, डालग्याखाली झाकली जाणारी कोंबडी त्याला फारशी माहीत नाही.

मी ज्या कार्यालयात प्रमाणपत्रासाठी गेलो, तेथील छापील अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता आणि त्यापुढे पर्याय होते: विक्री, कत्तल, प्रजनन. तेथील कर्मचारी सज्जन होते. "साहब, इसमें क्या लिखें?" असे त्यांनी मलाच विचारले. कोंबड्या आपल्या धन्याबरोबर केवळ राहायला चालल्या आहेत, यासाठी रकाना नव्हता.

रकाना नसण्याने एरवी कोणाचे काही बिघडत नाही. पण साथ आली की बिघडते. आणि ते कसे, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्याच्या सीमेवर घडलेले आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव. त्याच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये आहे. फलाटावरील एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. १९६० च्या विभाजनाने हे घडले. या आदिवासीबहुल तालुक्यात मोठमोठे कुक्कुटप्रकल्प उभे राहिले. सुरतची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती. २००६ च्या जानेवारीअखेरीस तेथे कोंबड्या हजारोंनी मरू लागल्या. मालकवर्गाचे म्हणणे पडले की हा राणीखेत, म्हणजे आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणतात तो नेहमीचा रोग. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा एच५एन१ विषाणू, अर्थात बर्ड फ्लू आहे. भारतातील ही पहिलीच नोंद होती.

पुढील काही दिवसांत पांढरे पोशाख घातलेली शासकीय पथके नवापुरात उतरली. रोगस्थानापासून ३ किलोमीटरच्या आतील सर्व पक्षी मारावयाचे आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवायची, असा आराखडा होता. विषाणूला सीमा ठाऊक नसल्याने पलीकडे गुजरातच्या हद्दीतही तेच करावे लागले. देशभर कोंबडी आणि अंडी यांची मागणी कोसळली; रेल्वेने आणि विमान कंपन्यांनी आपल्या जेवणातून ती काढून टाकली; अनेक राज्यांनी महाराष्ट्रातील पक्ष्यांना आपल्या हद्दीत येण्यास बंदी केली. प्रशासकीय दृष्टीने नवापूरची मोहीम अवघड होती, तरी तिला एक सोय होती. पक्षी मोठ्या शेडमध्ये होते, मोजलेले होते, मालकांची नावे माहीत होती.

मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात आढळला, सावदा, मारूळ अशा गावांत. महिनाअखेरीस तो सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या इच्छापूर गावीही आढळला. येथे चित्र वेगळे होते. येथील कोंबडी शेडमध्ये नव्हती. ती अंगणात, गोठ्यात, चुलीमागे, माळ्यावर होती. ती कोणाच्या हिशेबवहीत नव्हती. ती बहुधा घरातील बाईची होती, तिच्या हातखर्चाची, मुलाच्या वह्यापुस्तकांची, पाहुण्यासाठी राखून ठेवलेली. अशा घरात पोशाख केलेला अनोळखी माणूस शिरून पोत्यात कोंबड्या भरू लागला की काय होणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्या वर्षीच्या साऱ्या मोहिमेत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश मिळून दहा लाखांहून अधिक पक्षी नष्ट करण्यात आले.

आपण मराठी माणसांनी हा प्रसंग पूर्वी एकदा पाहिला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तो मोजक्या कलमांचा आणि अमर्याद अधिकारांचा होता. त्याच्या आधारे त्या वर्षीच्या वसंतात पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. रोगी शोधून रुग्णालयात न्यायचे, इतरांना वेगळे ठेवायचे, घर धुऊन काढायचे. वैद्यकाच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. पण परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले, गाव सोडून पळू लागले आणि पळताना रोग बरोबर नेऊ लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतरच्या वर्षांत सक्तीच्या झडत्यांचा आग्रह सरकारला हळूहळू सोडावा लागला, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. बळाने घरात शिरता येते, घराने दडवलेले बाहेर काढता येत नाही, हे त्या सरकारला अनुभवाने समजले.

माणूस आणि कोंबडी यांची बरोबरी मी करीत नाही. बरोबरी आहे ती शासन आणि घर यांच्यातील नात्याची. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हण आपण सत्य लपवू पाहणाऱ्याला ऐकवतो. पण माणूस कोंबडे का झाकतो, हा प्रश्न प्रशासकाने स्वतःला विचारायचा असतो.

मला त्याचे उत्तर माझ्याच परसात मिळाले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई बालोद जिल्ह्यातील. तो जिल्हा २०१२ पर्यंत दुर्गचाच भाग होता. जानेवारी २०२१ मध्ये देशातील अनेक राज्यांत बर्ड फ्लू आला, त्यात छत्तीसगढमधील बालोदचे नाव होते. त्यांचे माहेरगाव निगराणीच्या क्षेत्रात आले. कोंबड्या मारल्या जाणार नव्हत्या. फक्त गावाबाहेर नेण्यास मनाई होती. पण गावात तेवढा बारकावा पोचला नाही. पोचले ते एवढेच: "सरकार कुकरी मारने आ रहा है." बाईंच्या आईने रात्रीतून आपल्या पाच कोंबड्या टोपलीत घालून दूरच्या बहिणीकडे पोचवल्या. त्या वाचल्या. त्यांच्याच वंशातील पिल्ले पुढे बाईंनी आमच्याकडे आणून दिली.

ही हकीकत त्यांनी मला हसत हसत, अभिमानाने सांगितली. ऐकताना मी हसू शकलो नाही. त्या टोपलीत विषाणू असता तर एका म्हातारीच्या प्रेमाने तो दुसऱ्या गावात पोचला असता. आणि मी, ज्याने जन्मभर नियमांची अंमलबजावणी केली, तो त्याच निसटलेल्या कोंबड्यांच्या नातवंडांची अंडी खात होतो. त्या म्हातारीला दोष द्यावा, असे मात्र मला तेव्हाही वाटले नाही आणि आताही वाटत नाही. शासन तिच्या अंगणात कोंबडीसाठी यापूर्वी कधी आले होते? लस टोचायला फारसे नाही, विचारपूस करायला नाही. मग येणार ते मारायलाच, असे तिने गृहीत धरले तर त्यात तर्काची चूक काय?

अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य परिणामांचा प्रश्न आहे. कोंबडी आजारी असल्याचे सांगितल्याने लाभ होतो तो सगळ्या तालुक्याला. नुकसान होते ते सांगणाऱ्या एकट्या घराला. अशा वेळी नुकसानभरपाई ही शासनाची दया नसते, ती माहितीची किंमत असते. किंमत कमी दिली तर माहिती बाजारात येत नाही. २०२१ मध्ये मोठ्या अंडी देणाऱ्या पक्ष्यासाठी ९० रुपये हा कमाल दर होता. गावठी कोंबडीला आठवडी बाजारात त्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. शिवाय भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते, आधीच रोगाने मेलेल्याची नाही. म्हणजे लवकर सांगणाऱ्याला लाभ व्हावा हा हेतू. पण ज्या घरी पहिली कोंबडी मरते, त्या घराच्या हाती पहिल्या दिवशी काहीच पडत नाही.

काही सुधारणा झाल्या आहेत, त्या नमूद केल्या पाहिजेत. २००६ मध्ये पशुरोगांसाठी देशव्यापी कायदा नव्हता. राज्यांचे आपापले कायदे होते. २००९ मध्ये संसदेने प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा कायदा केला. रोगाची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले आणि बाधित क्षेत्रातून प्राणी हलवण्यावर नियंत्रण आले. पक्षी मारण्याची त्रिज्या ३ किलोमीटरवरून पुढे १ किलोमीटरवर आणली गेली. ही मोठी गोष्ट आहे, कारण तिने असंख्य अंगणे वाचली. तरी रोग गेलेला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात तो पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी गेले. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगढमधील रायगढच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रात तो आढळला. त्याच महिन्यात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या विषाणूने दगावल्याचे जाहीर झाले. म्हणजे आमच्या प्रवासाच्या दोन्ही टोकांच्या राज्यांत तो येऊन गेला आहे, आणि सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर "काही कागद लागत नाही, टाकू ट्रकमध्ये" असे देता येत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात कोंबड्या व इतर पाळीव पक्षी ८५ कोटी १८ लाख होते. त्यांतील सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले. आधीच्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. पशुगणना १९१९ पासून चालू आहे. शासन परसातली कोंबडी मोजत आले आहे. पण मोजणे आणि ओळखणे यांत फरक आहे. गणनेत तिला आकडा आहे, नियमात तिला रकाना नाही, आणि अंगणात प्रत्यक्ष भेट होते ती साथीच्या दिवशी.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. घरगुती पक्ष्यांच्या स्थलांतरासाठी, दहापर्यंत पक्ष्यांना, एकपानी सोपा दाखला असावा आणि तो गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी मिळावा. बाधित क्षेत्रांची यादी दोन्ही राज्यांनी सीमेवर आणि दवाखान्यांत, त्या त्या भागाच्या बोलीत लावावी. मानमोडीची लस परसातल्या कोंबडीला नियमित मिळावी. म्हणजे पथकाची पहिली ओळख सुईने होईल, पोत्याने नव्हे. आणि भरपाईचा दर ठरवताना आठवडी बाजाराचा भाव विचारात घ्यावा. ज्या शासनाने चांगल्या दिवसांत कोंबडीची दखल घेतली, त्याला वाईट दिवसांत ती लपवलेली शोधावी लागणार नाही.

आमचा दाखला शेवटी मिळाला. पशुवैद्यक महोदयांनी चारही पक्षी तपासले, छापील पर्याय खोडले आणि हाताने लिहिले: घरेलू. नियमाप्रमाणे दोन पेट्या केल्या आहेत, कोंबड्याची वेगळी. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी देवरी गाठायचा बेत आहे.

मात्र पेटीत दोनच कोंबड्या असतील. तिसरी खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे आणि तिला उठवणे सौभाग्यवतींना मान्य नाही. ती बाईंकडे राहील. निरोप घेताना मी त्यांना एवढेच सांगितले की, पुन्हा कधी गावात साथीची बातमी आली तर टोपली उचलण्याआधी मला फोन करा. त्या "हो साहब" म्हणाल्या. त्या खरेच फोन करतील का, हे मला ठाऊक नाही.